देवचाराची बाटली

आमच्या घरची दिवाळी राखणीने संपते. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी, मुंबईकरांच्या गाड्या परतीला लागायच्या आधी, घरातले सगळे पुरुष बागेच्या टोकाला जातात. तिथे किंजळीच्या झाडाखाली एक काळा दगड आहे. तो आमचा देवचार, म्हणजे जमिनीचा राखणदार. वर्षभर तो माडांवर, भातावर, गुरांवर आणि आम्हा सगळ्यांवर लक्ष ठेवतो. त्याबद्दल वर्षातून एकदा त्याचा मान त्याला पोचवायचा: एक कोंबडा, एक नारळ, विड्यांचा कट्टा आणि दारूची बाटली. घरातल्या एकाने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवचाराशी मोठ्याने बोलायचं. बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मग दगडावर दारू ओतायची आणि उरलेली करवंटीतून तीर्थ म्हणून सगळ्यांनी घ्यायची. पहिलं तीर्थ गाऱ्हाणं घालणाऱ्याचं. थेंबही घरी परत आणायचा नाही, सगळं तिथेच संपवायचं.

मी दारू सोडलेला माणूस आहे. तेव्हा हा सण मला किती सोयीचा, ते कोणीही समजू शकेल.

सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवाळ्या मी राखणीच्या दिवशी सकाळीच स्कूटर काढून कसालला गेलो. कोणाचा तरी पंप बिघडला आहे, असं सांगितलं. मी पंपदुरुस्ती करतो, त्यामुळे ते खपून गेलं. खरं तर कसालला आमची सभा भरते. दारू सोडलेले आठ-दहा जण एका बंद दुकानाच्या मागच्या खोलीत जमतो, चहा पितो आणि आपापलं बोलतो. सणाच्या दिवशी ती खोली मुद्दाम उघडी ठेवतात. बाहेर सगळं गाव मजेत असतं आणि आत आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून चकल्या खात असतो. हसू येईल, पण मला त्या चकल्या फार आवडायच्या.

यंदा मात्र काकांनी मला पकडलं. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यापासून गाऱ्हाणं तेच घालत. नरकचतुर्दशीच्या सकाळी आम्ही सगळे तुळशीपुढे कारीट फोडून पोहे खायला बसलो होतो. आमच्याकडे त्या दिवशी नव्या भाताचे पोहे, गुळाचे, ताकाचे, बटाट्याचे, असे चार-पाच तऱ्हेचे करतात आणि सगळे खावेच लागतात. काकांनी ताकाच्या पोह्यांचा घास संपवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "औंदा गाऱ्हाणा तू घाल. माका दम लागता. अर्ध्यार थांबलंय तर देवचार म्हणात, ह्यो माझ्याकडेच यायक निघालो."

सगळे हसले. मी पण हसलो. मग एकदम कोणीच हसेना, कारण सगळ्यांना बाटली आठवली.

मोठा भाऊ मुंबईहून आला होता. तो घाईघाईने म्हणाला, "काकानू, मी घालतंय."

"तुका येता?" काकांनी विचारलं.

त्याला येत नव्हतं. पस्तीस वर्षं मुंबईत राहून त्याला इमारतीच्या सोसायटीपुढे कसं बोलायचं ते छान येतं, पण देवचारापुढे त्याची तीन वाक्यांत गाडी अडते. मला वडिलांचं गाऱ्हाणं तोंडपाठ आहे. लहानपणी मी गुरांना गोठ्यात बांधताना त्यांनाच गाऱ्हाणं घालायचो आणि म्हैस माझी 'व्हय म्हाराजा' असायची.

मी म्हटलं, "घालीन."

माझी बायको परातीत पोहे घेऊन उंबऱ्यात उभी होती. ती परात ठेवून आत गेली. तिच्या त्या आत जाण्याचा अर्थ मला पुरता कळला. मी गाऱ्हाणं घालणार म्हणजे बाटली माझ्या हातात येणार. मी दारू सोडल्यापासून तिने मला बाटली म्हणून कशाला हात लावू दिला नव्हता. घरात कोकमाचं आगळसुद्धा तिने बाटल्यांतून काढून बरण्यांत भरलं होतं. मला खरं सांगायचं तर दारूची भीती आता पूर्वीइतकी वाटत नव्हती. तिच्या डोळ्यातली ती पाळत कधी संपेल की नाही, याची वाटायची. ती मला पुन्हा कधी विश्वासाने एखादी गोष्ट हातात देईल का, एवढाच माझा प्रश्न होता, आणि तो मी कोणाला विचारू शकत नव्हतो.

बाकीचे तीन दिवस मजेत गेले. मजा म्हणजे काय, ते सांगतो. आमच्या घरातले लोक प्रेमळ आहेत आणि त्यांना काहीही लपवता येत नाही. संध्याकाळी मागच्या पडवीत पुरुषमंडळी बसायची. मी पडवीत पाऊल टाकलं की चार ग्लास चार दिशांना जायचे. भावाच्या जावयाने एकदा ग्लास खुर्चीखाली ठेवला आणि उठताना स्वतःच लाथाडला. मग सगळे जमिनीकडे बघत पाण्याच्या टंचाईवर बोलायला लागले. मी म्हटलं, "अरे पिवा, माका काय होणा नाय." त्यावर सगळे आणखी ओशाळले. मला कोणी दया दाखवली की माझं डोकं फिरतं. शिव्या परवडतात. म्हणून मी मुद्दाम तिथेच खुर्ची ओढून बसलो, हातात सोलकढीचा मोठा ग्लास घेतला आणि तो संपू दिला नाही.

ही ग्लासाची युक्ती आमच्या सभेतल्या एका मास्तरांची. ते मालवणातल्या शाळेतून निवृत्त झालेले, ख्रिस्ती. त्यांच्याकडे नाताळला घरची वाइन असते आणि गोव्याकडचे पाहुणे पोत्याने येतात. ते म्हणाले होते, रिकामा हात दिसला की पाहुण्याला चैन पडत नाही, तो काहीतरी त्यात ठेवतोच. आपण आधीच भरून ठेवावा. मी ते ऐकलं. शिवाय मला एक हुद्दा मिळाला होता. घरातला संध्याकाळनंतर गाडी चालवू शकणारा एकमेव पुरुष मी होतो. कुडाळ स्टेशनवर कोणाला आणायचं, कोणाला सोडायचं, मुलांना आइस्क्रीम खायला न्यायचं, सगळं माझ्याकडे. पूर्वी मला घरी आणायला दोन माणसं लागायची. आता मी गाडी भरून माणसं घरी आणत होतो. ह्याचा मला इतका आनंद व्हायचा की स्टेशनवर गाडी उशिरा आली तरी मी चिडत नसे, आणि मी चिडत नाही ही आमच्याकडे बातमी असते.

बाटली वहिनीच्या माहेरून आली. वहिनी आरोंद्याची. तिचा भाऊ दर दिवाळीला देवचारासाठी काजूची फेणी पाठवतो, साध्या पांढऱ्या बाटलीत, बूच लावून. फेणी दिसायला पाण्यासारखी स्वच्छ असते. वासाला मात्र ती पलीकडच्या वाडीला कळते. ती बाटली आली तेव्हा मी अंगणात होतो. बायकोने ती वहिनीच्या हातून घेतली आणि पदराखाली धरून आत नेली. मी भाताच्या कणगीकडे बघत बसलो.

राखणीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी आंघोळ करून पंचा नेसलो. माजघरात टोपली तयार होती. नारळ, फुलं, पानसुपारी, उदबत्ती, विड्या, आणि मधोमध उभी बाटली. बायकोने स्वतः टोपली उचलून माझ्या हातात दिली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती शांत दिसत होती. मला इतकं बरं वाटलं की मी तिला काहीतरी चांगलं बोलणार होतो, पण सवय नसल्यामुळे, "मीठ दिलंस मा कोंब्याक?" एवढंच विचारलं.

बाग घरापासून लांब नाही. मागच्या दाराने निघायचं, पोफळींतून जायचं, व्हाळावरचा सांकव, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, ओलांडायचा, की किंजळ. राखणीला आमच्याकडे बायका येत नाहीत. भाऊ, त्याचा जावई, दोघे चुलतभाऊ आणि काका आधीच गेले होते. तिकडे चूल पेटली होती. काका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कोंबड्याशी काहीतरी बोलत होते.

मी दगड धुतला, फुलं वाहिली, पानं मांडली. मग बाटली बाहेर काढली आणि बूच सैल करून ठेवावं म्हणून पिळलं. बूच निघालं. मी थांबलो.

वास नव्हता.

मी बाटली नाकाजवळ नेली नाही. तशी गरजच नव्हती. ह्या एका विषयात मला कोणी शिकवू नये. हातभर अंतरावरून मला कळलं की ह्या बाटलीत आमच्या विहिरीचं पाणी आहे.

पहिल्यांदा टाळकं सडकलं. सकाळी टोपली हातात देताना ती शांत का दिसत होती, ते आता कळलं. तिने मला बाटली दिलीच नव्हती. पाणी दिलं होतं. ज्या विश्वासाने मी सकाळपासून फुललो होतो, तो सगळा खोटाच होता.

मग पुढचं दिसायला लागलं. मी गाऱ्हाणं घालणार. पाणी दगडावर ओतणार. मग काका करवंटी तोंडाला लावणार आणि सगळ्यांना कळणार की बाटलीत पाणी आहे. घरापासून इथपर्यंत बाटली कोणी आणली? मी. फेणी कुठे गेली? ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्या पाच जणांतल्या एकालाही विचार करावा लागला नसता. वडिलांच्या कपाटातल्या बाटल्यांत पाणी भरून ठेवणारा मुलगा ह्या घरात एकच होऊन गेला होता. मी शपथा घेतल्या असत्या, बायकोला बोलावून आणलं असतं, तिने देवावर हात ठेवला असता, तरी लोकांनी म्हटलं असतं, बिचारी घोवाला पाठीशी घालते. मला वाचवण्यासाठी तिने जे केलं त्यानेच मी साफ बुडणार होतो.

आणि त्याशिवाय देवचार. मी फार देवभोळा नाही, पण वर्षभर राखण करणाऱ्याला वर्षातून एकदा पाणी पाजायचं, हे मला बरं वाटलं नाही.

मी बूच घट्ट लावलं. विड्यांचा कट्टा गुपचूप पंच्याच्या कनवटीला खोचला आणि म्हणालो, "विडये ऱ्हवले. घेवन येतंय."

भाऊ म्हणाला, "माझ्याकडे सिगरेट आसा मरे."

"देवचाराक विडीच लागता," काका म्हणाले. भावाने सिगरेट खिशात घातली.

मी टोपली उचलली. बाटलीसकट.

"टोपली कित्याक व्हरतंस?" काकांनी विचारलं.

"नारळय बदलतंय. ह्यो हलता."

काकांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मी पाठ फिरवून निघालो. बाटली घेऊन खोटं बोलून माणसांतून निघून जायचा मला भरपूर सराव होता, आणि पाठीवर पडणाऱ्या नजराही ओळखीच्या होत्या. फक्त ह्या वेळी बाटलीत पाणी होतं आणि मी ती घराकडे नेत होतो.

बायको मागच्या स्वयंपाकघरात नारळ खोवत होती. वहिनी देवळात गेली होती, मुलं ओटीवर पत्ते खेळत होती. मी टोपली तिच्यासमोर ठेवली. तिने बाटलीकडे बघितलं आणि विळीवरून हात काढला.

"खंय ठेवलंस ती?" मी विचारलं.

तिने पदराने हात पुसले.

"माका राग येवक नाय," मी म्हणालो. राग आला होता, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. "पण आता काका करवंटी तोंडाक लावतले. पाणी लागला तर कोणाचा नाव घेतले?"

तिचा चेहरा उतरला. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने फक्त बाटली, मी आणि ती वाट, एवढाच विचार केला होता. "मी सांगान. मीच भरलंय म्हणान सांगान," ती म्हणाली.

"कोणाक पटात?"

कोणालाच पटणार नाही, हे तिलाही कळलं. तिने विळीवरचं खोबरं झटकलं. मग म्हणाली, "अर्दी फेणी घालतंय, अर्दा पाणी ऱ्हवांदे. वास येयत तेवढो."

मला त्या परिस्थितीतही हसू फुटलं. "अगो, देवचाराक सरबत नको."

ती पण हसली, पण डोळे भरले होते. "माका भिया वाटली," ती म्हणाली. "तुमी बरे आसास. आता किती बरे आसास, ता माकाच ठावक. ता सगळा एका घोटान जाईत, म्हणान भिया वाटली. वतूनय टाकूक जायना. देवचाराची वस्त ती."

तिने फसवलं म्हणून मी चिडलो होतो, आणि ती म्हणत होती की मी बरा आहे. इतके दिवस मला वाटत होतं की ती माझ्यातला जुना माणूस शोधत असते. ती तर आत्ताचा माणूस सांभाळत होती. मला तिचं फार वाईट वाटलं आणि तिच्यावर फार प्रेमही वाटलं.

ती उठली. कोपऱ्यात सोलांची मोठी चिनीमातीची बरणी होती. सुकवलेली कोकमं आम्ही वर्षभरासाठी त्यात ठेवतो. तिने बाही वर सारून कोपरापर्यंत हात आत घातला आणि सोलांच्या तळातून बाटली ओढून काढली. माझ्या सगळ्या लपवायच्या जागा तिला ठाऊक होत्या, म्हणून तिने स्वतःची एक नवी शोधली होती, आणि मला कबूल करायलाच हवं, जागा उत्तम होती. बाटलीला लाल रस आणि मीठ चिकटलं होतं. तिने ती धुतली, पदराने पुसली, बूच दाबून बघितलं. मग दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

घरात दुसरा पुरुष नव्हता. ती स्वतः तिकडे येऊ शकत नव्हती. कोणाला तरी हाक मारून तिकडून भावाला बोलावता आलं असतं, आणि ते तिच्या मनात आलंही असणार. सोडल्यापासून मी तिला हजारदा म्हटलं होतं, आता मी पीत नाही, आता विश्वास ठेव. आज म्हटलं नाही. तिचा हात पुढे येतो की नाही, ते मला बघायचं होतं.

तिने बाटली माझ्या हातात दिली. लगेच सोडली नाही. मग सोडली.

"जावा," ती म्हणाली. "कोंबो ताटकळलो आसतलो."

मी निघालो. टोपली डाव्या हातात, बाटली उजव्या. टोपलीत ठेवता आली असती, पण मला ती हातात हवी होती, लपवल्यासारखी नको. पोफळींतून चालताना बुचातून वास यायला लागला. इथे मला शहाणपणाच्या गोष्टी सांगता येणार नाहीत. तोंडाला पाणी सुटलं. जिभेच्या मागच्या बाजूला ती चव आली, जशीच्या तशी, काल घेतल्यासारखी. मन ताबडतोब हिशेब मांडायला लागलं की एका घोटाने बाटली किती उतरेल आणि ते कोणाच्या लक्षात येईल का. येणार नव्हतं. मन फार हुशार असतं. ते मला म्हणालं, सांकवापाशी जरा थांब, दम घे.

सांकवावर मी खरंच थांबलो. खालून व्हाळाचं पाणी चाललं होतं. तिथून आमचं मागचं दार दिसतं. मला वाटलं, ती दारात उभी असणार. पाळत ठेवून असणार, आणि ती बघते आहे म्हणून मी नीट चालत जाणार. मी मागे वळून बघितलं.

दार बंद होतं.

आमचं मागचं दार दिवसा कधी लावत नाहीत. पहाटे उघडतं ते दिवेलागण झाल्यावर लागतं. तिने ते लावून घेतलं होतं. आधी वाटलं, रागावली. मग लक्षात आलं की तिने माझ्यावर नजर ठेवायची नाही असं ठरवलं आहे आणि स्वतःचा भरवसा नाही म्हणून मधे लाकडी दार घातलं आहे. सगळ्या जगात त्या क्षणी माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. हातात भरलेली बाटली होती. आणि मला प्यायची नव्हती. म्हणजे तोंडाला पाणी सुटलेलं होतंच, पण प्यायची नव्हती. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि त्यांचं आपसात भांडण नव्हतं. मला रडू आलं. सांकवावर उभा राहून पंच्याने नाक पुसलं आणि पुढे निघालो.

"इलो," काका म्हणाले. "देवचार विडयेची वाट बघून झोपलो असतो."

मी विड्या ठेवल्या, बाटली ठेवली, बूच काढलं. वास सुटला तसे सगळे नकळत पुढे सरकले. काकांनी नाक वर करून वास घेतला आणि मान हलवली. नारळ तोच होता, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग गाऱ्हाणं घातलं. "हे बा देवचारा म्हाराजा," मी सुरू केलं, "आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत. जो काय मान वर्साचो, तो तुका पोचयतंव, तो मान्य करून घे." 'व्हय म्हाराजा,' सगळे म्हणाले. एकेकाचं मागणं घातलं. भावाच्या गुडघ्यासाठी, त्याच्या जावयाच्या नोकरीसाठी, चुलतभावाच्या मुलीच्या लग्नासाठी, काकांच्या दमासाठी, माडांवरच्या माकडांसाठी. माझा आवाज चांगला लागला होता. वडिलांसारखा लांबवत होतो आणि मजा येत होती. संपवणार तेवढ्यात काका खुर्चीतून म्हणाले, "आणि तुझा कोण घालतलो?"

स्वतःसाठी मागायची आमच्यात पद्धत नाही.

काका काठी टेकून उठले. धाप लागत होती तरी उठले. "बा म्हाराजा," ते दगडाला म्हणाले, "हो आमचो झिल हातचो गेल्लो, तो परत गावलो. आता ताका नीट सांभाळ. कोणाची वायट नजर आसात, आमचीय आसात, ती दूर कर." आणि मग सगळ्यांचं 'व्हय म्हाराजा' आलं, मघाच्यापेक्षा मोठं. भावाचा आवाज चिरकला. मी दगडाकडे बघत राहिलो, दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

दगडावर फेणी ओतली. काकांनी पहिली करवंटी भरून माझ्यापुढे धरली, कारण तसा रिवाज आहे आणि काका रिवाज सोडणारे नाहीत. मी ती घेतली, कपाळाला लावली आणि तीही दगडावर ओतली. मग काका म्हणाले, "औंदा त्याका जास्त इली, आमका कमी," आणि दुसरी करवंटी स्वतःसाठी भरली.

कोंबडा मी शिजवला. मीठ बरोबर पडलं होतं. पूर्वी मला राखणीच्या जेवणाची चव कधी कळलीच नव्हती, जेवणापर्यंत मी शुद्धीत असायचो कुठे. ह्या वेळी दोनदा भात घेतला, हाड चोखलं, आणि किंजळीच्या मुळावर डोकं ठेवून थोडा वेळ झोपलोसुद्धा. उठलो तेव्हा बाकीचे घोरत होते. मी भांडी घासली.

उन्हं उतरायच्या आधी सगळ्यांना घेऊन घरी आलो. मागचं दार उघडं होतं. बायको पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. मी तिच्या बाजूला बसलो. हाताला फेणीचा वास होता, ओतताना लागलेला. तो तिला आलाच असणार. तिने काही विचारलं नाही. मीच म्हणालो, "दार कित्याक लावलंस?"

तिने सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला.

"तुमच्याकडे बघूचा नाय म्हणान लावलंय," ती म्हणाली. "पण आत कडी धरून उभी ऱ्हवलंय. तुमचा गाऱ्हाणा आयकाक इला, आवाज वळाकलंय, मगे चुलीकडे गेलंय."

म्हणजे मी सांकवावर उभा होतो तेव्हा ती दाराच्या पलीकडे उभी होती. मधे पोफळी होत्या, व्हाळ होता आणि ते लाकडी दार होतं, आणि दोघंही घाबरलेले होतो. मी तिला म्हटलं, "आणि पुढच्या वर्सा?"

"पुढच्या वर्साय बाटली मीच देतलंय," ती म्हणाली. "कडी धरूची की नाय, ता आता सांगणंय नाय."

मी म्हटलं, बरं. सूप आमच्या दोघांच्या मधे ओढलं आणि मी पण तांदूळ निवडायला लागलो.